एकच नळी

खंडेनवमीला महिपतीच्या काच कारखान्यात काम बंद असे, भट्टी मात्र बंद नसे. मुशीतली वितळलेली काच एकदा थिजली की मूस तडकते, म्हणून सणाच्या दिवशीही कुणीतरी तासातासाला आत जाऊन दोन ओंडके सारून येई. एरवी ते काम महिपतीच्या धाकट्या मुलाचं, हिरामणचं. पण सदुसष्ट सालच्या त्या नवमीला सकाळपासून थोरला हैबतरावच ओंडके सारत होता. हिरामण बायकोला घेऊन आदल्या दिवशी अलिबागच्या दवाखान्यात गेला होता तो अजून परतला नव्हता.

हैबतरावाची बायको इंदुबाई अंगणात पूजेची हत्यारं धूत होती. चिमटे, कात्र्या, लाकडी साचे धुऊन झाले होते. उरल्या होत्या फुंकायच्या लोखंडी नळ्या, तीन-तीन हात लांब. वर्षानुवर्षं ओठ लागून त्यांची तोंडं गुळगुळीत झाली होती. तिनं प्रत्येक नळीच्या तोंडाला राख लावली, चिंच लावली, मग वरून कढत पाणी ओतलं. पुन्हा एकदा ओतलं.

"किती घासशील गो?" धोंडुबाई ओटीवरून म्हणाली. ही हैबतराव-हिरामणची मोठी बहीण, सणासाठी गागोद्याहून आलेली. "पूजेला ठेवायच्यात, जेवायला बसायचं नाय त्यांच्यावर."

"काजळी हाय, वन्सं."

काजळी नळीच्या भट्टीकडच्या टोकाला धरते, तोंडाकडच्या नाही. महिपतीची लेक असल्यामुळे धोंडुबाईला ते ठाऊक होतं. ती बघत राहिली.

इंदुबाईला कढत पाणी का लागत होतं, हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं. माघात ती रोह्याला माहेरी गेली होती. हैबतराव तिला आणायला आला आणि कुंडलिकेच्या घाटावर तोंड धुताना त्याच्या खाकऱ्यात रक्त पडलं. तिच्या भावानं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी थुंकी तपासायला पाठवली आणि आठवड्यानं चार गोष्टी सांगितल्या. सुया एक दिवसाआड घ्यायच्या. गोळ्या दीड वर्ष खायच्या. भांडी वेगळी ठेवायची. आणि फुंकायचं काम सोडायचं. फुटक्या बाटल्या विकत घ्यायला जातो असं सांगून हैबतराव दोन महिने एक दिवसाआड रोह्याला गेला आणि सुया घेऊन आला. खोकला थांबला, गालांवर मांस आलं, तसं त्यानं जाणं सोडलं आणि गोळ्याही सोडल्या. चौथी गोष्ट तर त्यानं पहिल्या दिवसापासून ऐकलीच नव्हती.

भांड्यांचं इंदुबाईनं पाहिलं. शिमग्यानंतर तिनं वेगळी चूल मागितली. कारण काय सांगायचं, म्हणून जावेच्या हाताला तिखट फार, असं सांगितलं. सगळ्यांना ते झोंबलं. सासरा महिनाभर तिच्याशी बोलला नाही, आणि सीताबाईनं, हिरामणच्या बायकोनं, त्या दिवशी मिरचीचा डबा उचलून तिच्या दारात आणून ठेवला. इंदुबाईनं सगळं ऐकून घेतलं. हिरामणच्या पाच वर्षांच्या मुलीनं हैबतरावाच्या पेल्यातलं पाणी पिऊ नये, एवढंच तिला साधायचं होतं आणि ते साधलं होतं. कारखान्याच्या आत बायका जात नसत. तिथलं आपल्या हातात नाही, असं ती स्वतःला सांगे. हे अर्धं खरं होतं. ते अर्धंच आहे हेही तिला कळत होतं.

एकदा तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "नळी तरी वेगळी नाय करता येणार?"

"हंडी फुगवताना काच नळीच्या टोकाला लोंबत असते," तो म्हणाला होता. "हिरामणला देताना नळी बदलली तर काच कुठं ठेवू, हातात?"

त्या वर्षी सगळं काम हंड्यांचं होतं. महिपती मिठागरातल्या माणसाचा मुलगा. ऐन पोरवयात घाट चढून एका काच कारखान्यात गेला, तिथं फुंकणं शिकला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी पेणला परत येऊन स्वतःची भट्टी घातली. पंधरा वर्षं कंदिलाच्या काचांवर घर चाललं. मग बाजारपेठेत वीज आली, तिच्या मागोमाग आसपासच्या गावांत आली, आणि कंदील माळ्यावर गेले. अशात रोह्याच्या एका देवळाच्या पंचांनी सभामंडपात टांगायला दिव्यांच्या बारा हंड्या सांगितल्या. घागरीएवढ्या, निळसर, गोल. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हव्या होत्या. कित्येक फुगवताना तडकल्या, सात धड उतरल्या होत्या. त्या माजघरात पेंढ्यात ठेवलेल्या होत्या.

दुपारी महिपती पूजेला बसला. भट्टीत चाळीस वर्षं बघून त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. समोर माणूस आहे एवढं त्याला दिसे, चेहरा दिसत नसे. नळ्यांवर त्यानं चाचपून गंध लावलं, झेंडूची फुलं ठेवली. एवढ्यात हिरामण आणि सीताबाई फाटकातून आत आले. हिरामण पूजेकडे आलाच नाही. तो पायरीवर बसला आणि चपलांचे बंद सोडत राहिला, सोडून झाल्यावरही. सीताबाईच्या हातात मोठं तपकिरी पाकीट होतं.

"मामंजी, वाईच थांबा," ती म्हणाली.

"काय झालं? डाक्टर काय म्हणाला?"

"टीबी. ह्यांचा फोटो काढला छातीचा. वरच्या बाजूला डाग हाय." तिनं पाकीट नळ्यांच्या शेजारी ठेवलं. "डाक्टर विचारत व्हते, घरात आणखी कुणी खोकतं का. मी म्हटलं, नाय. तर हे म्हणाले, दादा खोकतो."

हैबतराव भट्टीकडून पंच्याला हात पुसत आला होता. तो म्हणाला, "भट्टीचा खोकला हाय तो. धुराचा. बाबांना नव्हता काय?"

"तुमचा खोकला मी नाय विचारत, दादा," सीताबाई म्हणाली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "मी ताईला विचारते. ताई, तुझ्या फळीवर दादांचा पेला एका बाजूला पालथा असतो. परवा माझ्या पोरीनं उचलला, तर तू तिच्या पाठीत धपाटा घातलास. का घातलास?"

इंदुबाईच्या हातात आरतीचं तबक होतं. ते तिनं खाली ठेवलं.

धोंडुबाई मधे पडली. "सणाच्या दिवशी कसले पेले काढतेस गो? पोरांना कोण मारत नाय? हैबतनं आठ महिने कंबर मोडून काम केलंय, ते बघ की." आणि उठून इंदुबाईच्या मागे येऊन तिनं हळूच म्हटलं, "गप ऱ्हा. नवऱ्याची बाजू सोडू नको."

"इंदू," महिपती म्हणाला, "कुठं हायस तू?"

"हितं हाय, मामंजी."

"तू सांग. तुला काय ठाऊक हाय?"

हैबतरावानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. ती काय सांगणार हे त्याला जणू आधीच कळलं होतं आणि ते ऐकायला तो थांबला होता. इंदुबाईला वाटलं होतं की असा प्रसंग आलाच तर आपल्याला रडू फुटेल. रडू आलं नाही. आवाजही हलला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

"माघात कळलं. रोह्याला. थुंकीत जंतू निघाले. दोन महिने सुया घेतल्या, मग सोडल्या. श्रावणात खोकला परत आला. वेगळी चूल मी त्यासाठीच मागितली. तिखटाचं खोटं व्हतं."

भट्टीतलं लाकूड तडतडलं.

"म्हणजे घरात पेला वेगळा," सीताबाई म्हणाली, "आणि भट्टीवर एकच नळी."

"व्हय."

"तुझी पोरं वाचवलीस तू."

"तुझी पण," इंदुबाई म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली.

"आणि माझा नवरा?"

कारखान्यात बायका जात नाहीत हे उत्तर तिनं आठ महिने स्वतःला दिलं होतं. ते सीताबाईला देता येण्यासारखं नव्हतं.

हैबतराव खाली बसला. "तिला कशाला बोलतेस? मी सांगितलं व्हतं गप ऱ्हायला. आणि सांगून काय झालं असतं? रोह्याच्या पंचांना कळलं असतं तर क्षयवाल्याच्या फुंकीची हंडी त्यांनी देवापुढं टांगली असती? कंदील गेले. हंड्या पण गेल्या असत्या तर भट्टीत काय घातलं असतं आपण? म्हटलं, बारा हुंदेत. बारा झाल्या की सांगीन, आणि कारखान्यातनं उठीन."

"बारा झाल्यावर," महिपती म्हणाला.

"व्हय, बाबा."

इतका वेळ हिरामण पायरीवर बसून होता. तो तिथूनच बोलला, आणि वर न बघता.

"दादा, पहिल्यांदा हंडी तू एकटा फुगवायचास. माघापासनं अर्धी फुगवून नळी माझ्या हातात द्यायला लागलास. म्हणालास, आता मोठी फुंक तूच मार. मी घरी येऊन हिला सांगितलं, दादानं मला उस्ताद केला. हिनं त्या दिवशी शिरा केला व्हता."

हैबतराव फुलं वाहिलेल्या नळ्यांकडे बघत होता.

"तुझा दम पुरत नव्हता म्हणून देत व्हतास."

"व्हय."

"आणि द्यायच्या आधी नळीचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसायचास. रोज. मला वाटायचं, थोरला भाऊ असून मला मान देतोय."

"पुसायचो," हैबतराव म्हणाला. "तेवढंच करता येत व्हतं."

हिरामण उठला. तो भावाच्या अंगावर जाईल असं धोंडुबाईला वाटलं आणि ती दोघांच्या मधे आली. पण तो नुसता हात धुवायला विहिरीकडे गेला. तिथं त्याला खोकल्याची उबळ आली. इकडे हैबतरावालाही आली. दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना खोकत होते आणि बाकीची माणसं मधे उभी होती. इंदुबाईच्या कानांना दोन्ही खोकले अगदी सारखे लागले.

धोंडुबाईचा चेहरा पालटला होता. काल रात्री ती इंदुबाईकडेच जेवली होती. ती म्हणाली, "मी आपली संध्याकाळच्या गाडीनं गागोद्याला जाते. घरी म्हशी हायत." चहाला तिनं नको म्हटलं. मघाशी तिनं ज्याची बाजू घेतली होती त्या भावाकडे निघताना पाहिलंही नाही. त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही, असं इंदुबाईला वाटलं.

महिपतीनं काठी घेतली. "भट्टी विझवा," तो म्हणाला.

"बाबा, पाच हंड्या ऱ्हायल्यात," हैबतराव म्हणाला.

"फुंकणार कोण? तू? तो? का मी?" म्हातारा उंबऱ्यापाशी थांबला. "इंदू, सीता, पाणी आणा. पिंप भरा. आत या दोघीही. आता काय शिवाशिव ऱ्हायली."

भट्टी नुसती विझवली असती तर काच थिजून मूस गेली असती. म्हणून विझवण्याआधी काच काढायची होती. महिपतीनं लांब दांड्याची लोखंडी पळी घेतली. डोळ्यांनी दिसत नसलं तरी मुशीचं तोंड त्याला आचेवरून कळत होतं. त्यानं पळी आत घातली, नारिंगी रसासारखी काच उचलली आणि पिंपातल्या पाण्यात ओतली. पाणी किंचाळल्यासारखं झालं, वाफ उठली आणि काचेचे तडतड तुकडे झाले. पुन्हा पळी, पुन्हा पाणी. दोघी जावा आळीपाळीनं विहिरीवरून घागरी आणून ओतत होत्या. वाटेत त्या समोरासमोर येत आणि एक बाजूला होई, दुसरी पुढे जाई. इंदुबाई लग्न होऊन आल्याला चौदा वर्षं झाली होती. मूस आतून कशी असते ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिला ती बरीच लहान वाटली. एवढ्याशा भांड्यातून आपलं सगळं घर निघालं, असा विचार तिच्या मनात आला आणि गेला.

अंधार पडायच्या आत काम झालं. हैबतराव ओटीवर बसून होता. ती जवळून जाताना तो म्हणाला, "तू सांगायला नको व्हतंस."

"आठ महिने नाय सांगितलं," ती म्हणाली.

त्या विषयावर दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं. पुढेही कधी झालं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी महिपती सात हंड्या बैलगाडीत घालून रोह्याला गेला. फुंकणाऱ्याला काय झालंय ते पंचांना सांगून मगच देईन, असं तो म्हणाला होता, आणि तसंच त्यानं केलं. पंचांनी दोन दिवस विचार केला आणि हंड्या ठेवून घेतल्या. टांगण्याआधी त्या कुंडलिकेत धुतल्या, असं नंतर कळलं. पाच मात्र त्यांनी दुसरीकडून आणल्या.

त्याच दिवशी बाकीचे सगळे एसटीनं अलिबागला गेले. घरातल्या प्रत्येकाचा फोटो काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; महिपती रोह्याहून परतल्यावर जाणार होता. सीताबाई नवऱ्याला आणि मुलीला घेऊन पुढच्या बाकावर बसली. इंदुबाई हैबतरावाला आणि दोन्ही मुलांना, पुंडलिकला आणि धाकट्या दत्तूला, घेऊन सगळ्यात मागे. वडखळला गाडी थांबली तेव्हा सीताबाईनं खिडकीतून भाजलेले शेंगदाणे घेतले. तिची मुलगी उठून मागे निघाली, तिला सवयीनं दत्तूला द्यायचे होते. सीताबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं.

दवाखान्यात एकेकाला आत बोलावलं. दार लावून घेत, छाती थंड पत्र्याला टेकायला सांगत, दम धरायला सांगत. मग बाहेर लांब बाकावर बसायचं. निकाल दुपारी कळले. मुलांची तिन्ही चित्रं स्वच्छ होती. सीताबाईचं स्वच्छ होतं. हिरामणचं लवकर सापडलं होतं, त्याला घरी राहून पेणलाच सुया घेता येणार होत्या. हैबतरावाचं डावं फुप्फुस पार गेलं होतं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शेवटचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "इंदुबाई कोण?"

"मी."

"तुम्हालाही आहे. खोकला येत नाही?"

"नाय." मग तिनं खरं सांगितलं. "येतो. पहाटे."

"दोघांनाही दाखल व्हावं लागेल. निदान तीन महिने."

इंदुबाई बाहेर येऊन बाकावर बसली. आपल्याला धक्का बसायला हवा, हे तिला कळत होतं. पण धक्का बसला नाही. उलट, दिवसभर डोक्यावर घेतलेला हारा कुणीतरी हात लावून उतरवावा तसं झालं, आणि त्याची तिला लाज वाटली. पेला तिनं वेगळा ठेवला होता. उशी वेगळी केली नव्हती. ती त्याची बायको होती आणि हे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

सीताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं.

"पोरं कुठं ठेवणार?" तिनं विचारलं. नवमीनंतर ती पहिल्यांदाच इंदुबाईशी बोलत होती.

"रोह्याला. भावाकडं."

"पुंडलिकची शाळा बुडेल. माझ्याकडं ऱ्हातील."

इंदुबाईनं तोंड उघडलं, पण सीताबाईनं हात वर केला.

"आभार मानू नको. माफ केलं असं पण समजू नको. मला तुझ्याशी बोलायचं नाय, आज नाय आणि बरी होऊन आलीस तरी नाय. पोरांपुरतं बोलते."

"बरं."

"सांग काय सांगायचंय ते."

इंदुबाईनं विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं जे पोरांपुरतं होतं ते तिनं वेगळं काढलं. "पुंडलिकला पाढे म्हणून घ्यावे लागतात. नायतर तो बसतच नाय. दत्तूला वांगं चालत नाय, अंगावर पुरळ येतं."

"ठाऊक हाय."

"आणि तो झोपेत हाक मारतो. उठवू नये. नुसता हात ठेवला की पुरे."

"ठेवीन," सीताबाई म्हणाली.

ती मुलांकडे गेली. एका हातात तिनं स्वतःच्या मुलीचा हात धरला, दुसऱ्यात दत्तूचा. पुंडलिकला पुढे घातलं. हिरामण औषधांची पुडी घेऊन त्यांच्या मागून चालू लागला. दारापाशी थांबून त्यानं बाकावरच्या भावाकडे एकदा पाहिलं. हैबतराव मान खाली घालून बसला होता, त्याला ते दिसलं नाही. इंदुबाईला दिसलं. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. मग परिचारिकेनं आतून दोघांची नावं एकदम पुकारली, आणि तिनं उठून त्याच्या काखेत हात घातला.